पेवात आधी कंदील

संक्रांतीला आष्ट्याला गेले होते, तेव्हा वहिनीने मला धान्याच्या खोलीच्या उंबऱ्यावरच अडवलं. कडी तिने नुकतीच काढली होती. "दमा वन्सं, वारं जाऊ द्या आत," ती म्हणाली, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या काठ्या टेकून उघड्या दारासमोर उभ्या राहिलो. माझे गुडघे दुखत होते, मी वैतागले. एवढ्याशा खोलीला दोन झरोके, छपराला फट, त्यात कसलं वारं जायचंय? पण वहिनीपुढे वाद घालण्यात अर्थ नसे. हीच आमची शेवटची भेट ठरली. महिन्याभरात हौसाचा, तिच्या लेकीचा, फोन आला. "आत्या, आई गेली. झोपेतच गेली..." फोन ठेवल्यावर मला ते उघडं दार आठवलं आणि मग रडू आलं.

अनसावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी ती हरिपूरहून आमच्या घरात आली. दादा पलटणीत, लग्नाची रजा संपली तसा निघून गेला. उरलो आमचे वडील आबा, मी आणि ही नवी नवरी. बंद खोलीचं दार उघडलं की ती बाहेर थांबायची. मी तेव्हा शाळकरी, मला त्याची गंमत वाटे. "आत कोण बसलंय का गं?" म्हणून मी चिडवायची. एकदा दळण करताना तिने जातं थांबवलं आणि सांगितलं. हरिपुरात हळद जमिनीखाली पेवात ठेवतात. मातीत खोल खणलेला रांजणासारखा खड्डा, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, वर फरशी आणि चिखलाचा लिंपा. आत हळद वर्षानुवर्षं टिकते, किडा लागत नाही, कारण तिथे कुठलाच जीव जगत नाही. पेव उघडलं की हवा खेळू द्यायची आणि मग दोराने पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणसाने उतरायचं, विझला तर नाही. तिच्या चुलत्याने एकदा घाई केली. व्यापारी गाडी जुंपून उभा होता. "काका उतरला आन् खाली बसला. नुसता बसला बगा, निजल्यागत," वहिनी म्हणाली आणि परत जातं ओढू लागली. त्यानंतर मी तिला कधी चिडवलं नाही.

दादाच्या पगारातला वाटा दर महिन्याला मनिऑर्डरीने यायचा. लढाईच्या दिवसांत असे पैसे घरोघर येत. कुणी त्यातून सायकल घेतली, कुणी ग्रामोफोन. आमच्या वहिनीने घरखर्च भागवून उरेल त्याची दर हंगामाला हळद घेतली आणि भावाच्या, शंकरतात्याच्या, पेवात टाकली. आबांना ते आवडत नसे. पैसा कसा, डोळ्यांना दिसायला हवा, हे त्यांचं म्हणणं. ते स्वतः पहिल्या लढाईतले पेन्शनर. पेन्शन घेऊन आले की नाणी चटईवर ओतून थोडा वेळ बघत बसायचे. वहिनी म्हणायची, दिसतो तो पैसा पाव्हण्यालाबी दिसतो.

सत्तेचाळीसच्या शिमग्यानंतर दादाचं पत्र आलं. तो आता हवालदार होता, पलटण रावळपिंडीला होती. घरात वाचता येणारी मी एकटीच, तेव्हा सोप्यात बसून मी वाचलं. छावणीत बिऱ्हाडाला जागा मिळाली आहे. बायकोमुलांना घेऊन यावं. शिवाय छावणीलगत एक पक्कं घर निम्म्या किमतीत मिळतंय. नोकरी सुटली की इथंच दुकान टाकू. म्हैस विका, पेवातली हळद विका, असेल नसेल तेवढं घेऊन या. इकडे मध्ये दंगा झाला, पण आता शांत आहे आणि पलटण आहे तोवर काळजी नको.

आबा खूश. मी वाचून कागदाची घडी घालत होते, एवढ्यात दारामागून वहिनीचा आवाज आला. सासऱ्यासमोर ती यायची नाही, बोलणं माझ्या तोंडून.

"वन्सं, किमतीचं परत वाचा."

मी परत वाचलं.

"इकणारा कोण हाय? आन् येवडं सस्त्यात टाकून त्यो कुटं चाललाय?"

आबा चिडले. "तिला म्हणावं, तुला काय करायचंय? पलटण हाय तितं भ्या कसलं? मी मेसोपोटेमियात ऱ्हाऊन आलोय."

आमच्या भागातल्या शिपाईघरांची हीच समजूत होती. गावात साप निघेल, शेतात दरोडा पडेल, पण पलटणीच्या सावलीत माणूस सुखरूप. लढाईत पोरं मेली होती, तरी ती लढाईत मेली होती, छावणीत नव्हे. त्यामुळे आबांना काही खोटं वाटलं नाही, मलाही नाही. पंजाबातल्या बातम्यांचा पेपर आष्ट्यात शिळा होऊन यायचा आणि तो वाचूनही मला वाटे, हे सगळं दुसऱ्यांचं आहे. एकट्या वहिनीचं जेवणावरचं मन उडालं. म्हैस बाजाराला नेली त्या दिवशी रिकाम्या दाव्याकडे बघत ती मला म्हणाली, "ही तरी गिऱ्हाइकानं दात बगून नेली. आमी पाण्यातल्या म्हशीचं मोल करायला निगालोय."

तिने बोरमाळ मोडून भाड्याची आणि बिऱ्हाडाची सोय केली. भांडी निवडली, गोधड्या उसवून परत शिवल्या. हौसा सहा वर्षांची होती आणि धाकटा बापू अंगावर पिणारा, वर्षाचाही नव्हता. हौसाला आगगाडीत बसायचं वेड लागलं होतं. राहिलं होतं पेव. आबांनी गाडी जुंपली आणि आम्ही हरिपूरला गेलो.

शंकरतात्याने लिंपा फोडून फरशी बाजूला केली. दुपारपर्यंत सगळे चिंचेखाली बसलो. त्या काळ्या तोंडातून हळदीचा ऊबट, कडवट वास येत होता आणि त्याच्याजवळ बोलताना माणसं आपोआप आवाज खाली आणत होती. कंदील वहिनीनेच पेटवला, दोर तिनेच धरला. मी वाकून बघत होते. उजेड भिंतींवरून गोल गोल उतरत गेला, हळदीच्या ढिगावर टेकला, थोडा वेळ राहिला... आणि लहान होत होत गेला.

"दमू या," तात्या म्हणाला.

उन्हं उतरल्यावर परत सोडला. परत तसंच. कंदील वर ओढून वहिनीने तो पदराखाली घेतला आणि पहिल्यांदाच आबांच्या समोर, मान खाली घालून पण स्पष्ट बोलली. "मामंजी, आज न्हाई. पेव वंगाळ झालंय. आमची तिकिटं निगाल्यात. मी बापूला घिऊन फुडं जाते. तुमी दिवाळीला पेव काडा आन् पैसं आन् हौसाला घिऊन मागनं या."

आबा चरफडले, पण तिच्या चुलत्याची गोष्ट त्यांनाही माहीत होती. विझलेल्या कंदिलापुढे कुणाचं चालतं? तात्याने बहिणीकडे एकदा बघितलं, फरशी ओढली आणि लिंपायला घेतलं.

मिरज स्टेशनावर हौसा तिच्या लुगड्याला धरून रडत होती. वहिनीने तिची बोटं सोडवून माझ्या हातात दिली. "हिला सोडू नगा," एवढंच म्हणाली. गाडी हलली तशी तिने खिडकीतून बापूला उचलून दाखवलं. त्याच्या डोक्यावर लाल टोपडं होतं. आबा बाजूला ताठ उभे होते, छातीवर जुनी पदकं लावून.

सुरुवातीची पत्रं बरी होती. बिऱ्हाड लागलं, बापू रांगतो, घराचा इसार दिला. मग पत्रं आखूड झाली. मग ऑगस्ट आला. आष्ट्यात झेंडा लागला, पेढे वाटले आणि पोस्टमन आमच्या दारावरून पुढे जाऊ लागला. आबा रोज कट्ट्यावर बसायचे. त्यांना तो लांबून दिसायचा आणि ते मुद्दाम दुसरीकडे बघायचे. हौसा विचारायची, दिवाळी कवा हाय? एक दिवस आबांनी पदकं काढून कोनाड्यात ठेवली, ती पुन्हा लावली नाहीत.

दिवाळी झाल्यावर, भर दुपारी, वहिनी सडकेवरून चालत आली. हातात एक पडशी होती. दुसरा हात असा वाकवलेला होता, कडेवर मूल असतं तसा, आणि त्यात काही नव्हतं. दाराशी येऊन ती थांबली, आत येईना. हौसा धावत जाऊन तिला बिलगली. "बापू वाटंत गेला," वहिनी म्हणाली. "छावणीतनं निगालो तवा चांगला हुता. तिकडं निर्वासितांच्या तळावर पाणी वंगाळ..." दादा नंतर पलटणीबरोबर अलीकडे आला, नोकरी सोडून घरी बसला आणि त्या निम्म्या किमतीच्या घराचं नाव त्याने मरेपर्यंत काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पेव उघडायचं ठरलं. घरात दुसरं काहीच उरलं नव्हतं. हरिपूरला त्याच चिंचेखाली वहिनी कंदील घेऊन बसली आणि बाटलीतून रॉकेल ओतू लागली. रॉकेल रेशनवर, थेंबाथेंबाला माणसं जपत. तिने टाकी काठोकाठ भरली, वर सांडेपर्यंत.

मी म्हटलं, "एवढं कशाला?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेल्या खेपंला घातलंच न्हवतं वन्सं. वातीत हुतं तेवडंच."

मला समजायला वेळ लागला. ज्या कंदिलावर तिच्या माहेरची माणसं जीव टाकत, त्याच्याशी ती खोटं खेळली होती. हळद खाली राहावी म्हणून. आणि त्या निमित्ताने हौसाही मागे राहावी म्हणून. मी म्हटलं, "वहिनी, तुझ्यामुळे पोर वाचली."

"व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं, आदी मीच उतरून बगते. कंदील म्हणून मीच गेले... बापू पीत हुता, त्याला कुटं ठेवणार हुते? आन् इझला त्यो."

मग तिने कंदील पेटवून खाली सोडला. तो लख्ख जळत राहिला. तात्या उतरला, पोती वर येऊ लागली. सांगलीच्या पेठेत त्या वर्षी भाव चांगला होता. त्या हळदीवर आम्ही सावरलो, त्या हळदीवर हौसा शिकली आणि मीही मास्तरीण झाले. वहिनीला याबद्दल कुणी शहाणी म्हटलं की ती उठून आत जायची.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले आणि आम्ही दोघी तिची खोली आवरायला गेलो. हौसाने कडी काढली, दार ढकललं आणि उंबऱ्याबाहेर थांबली. मीही थांबले. या वेळी माझे गुडघे दुखले नाहीत. आत खुंटीला तोच कंदील होता. घरात वीज येऊन किती वर्षं झाली. हौसाने तो काढून माझ्या हातात दिला, तो मला अपेक्षेपेक्षा जड लागला.

"आई दर अमावस्येला बघायची," हौसा म्हणाली. "रॉकेल कमी झालं की भरायची. कशाला म्हटलं तर सांगायची नाही. तुला माहिताय का गं आत्या?"

मी तो कानाशी धरून हलवला. डुबुक सुद्धा वाजलं नाही, इतका भरलेला होता. मी हौसाला म्हटलं, "बस इथं माझ्याजवळ," आणि आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो.