सतराचा पाढा

दादा गेल्यावर त्याचं कपाट आवरताना जुन्या बुटांतून चिमूटभर वाळू सांडली आणि मला आखातातल्या मंगफची एक पहाट आठवली. नव्वदच्या दशकात आम्ही दोघे भाऊ तिथे एकाच खोलीत राहायचो. वडील चाळिशीतच हृदयविकाराने गेले होते. माझाही रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा डॉक्टरांनी तपासून हळूहळू धावायला सांगितलं. ऊन चढण्याआधी, अंधारातच दादा मला समुद्रावर घेऊन गेला. मी गावच्या शर्यतीत सुटावं तसा सुसाट सुटलो आणि थोड्याच अंतरावर मला धाप लागली, काळीज धडधडू लागलं. आपलंही वडिलांसारखंच होणार, या भीतीनं मी मटकन खाली बसणार, तोच दादानं दंड धरला. "बसू नकोस, हळूहळू चालत राहा. सतराचा पाढा म्हण." "आत्ता? पाढा?" "म्हण रे शहाण्या! पाढा तुटला की समजायचं, पाय जास्त पळाले." मी अडखळत म्हणत चाललो, श्वास जुळल्यावर पाढा तुटणार नाही इतक्याच बेतानं धावू लागलो. पाढा पुरा होतो न होतो तोच समोरचं पाणी तांबडं झालं आणि त्यातून सूर्य वर आला. आम्ही कोकणातले, जन्मभर त्याला समुद्रात बुडतानाच पाहिलेलं. दादा थांबला, त्यानं हात जोडले आणि अगदी हळू म्हणाला, "बघ, तिकडे बुडालेला इथे वर येतो." काल संध्याकाळी गावच्या किनाऱ्यावर धावायला गेलो. सूर्य पाण्यात गेला आणि माझा पाढा मध्येच तुटला. पाय तर हळूच पडत होते.