बाटलीच्या तळाशी बसलेली माती

पालमहून एसटीने आलं की गावाआधी तळ्याची पाळ दिसते. दोन्ही टोकं जुनी, गवताळलेली. मधला तुकडा नवा, दगड लावलेला. त्याबद्दल पाहुण्याने विचारलं तर गाव सांगतं, "मेंढरांनी फोडली व्हती." हे वाक्य माझं आहे. पहिल्यांदा मीच ते बोललो, आणि ते खोटं आहे.

गावाच्या नळाला पाणी या तळ्यातून येतं. वॉल उघडणं-बंद करणं आणि पाळीवर लक्ष ठेवणं हे माझं काम. कामाला लागलो तेव्हा तालुक्याला दोन दिवस शिकवलं होतं. त्यातली एकच गोष्ट डोक्यात राहिली. मातीच्या पाळीतून थोडं पाणी झिरपणारच. ते निवळ आहे तोवर भ्यायचं नाही. गढूळ झालं की पाळ आतून पोखरली जातेय असं समजायचं आणि तळं लगेच खाली करायचं. ओळखायचं कसं, तर ते पाणी बाटलीत भरून ठेवायचं आणि तळाशी माती बसते का बघायचं.

आमच्या पाळीच्या पायथ्याशी असा एक पाझर होता. त्याच्याखाली माझं रान. चारी काढून ते पाणी मी रानात घेतलं होतं. भर उन्हाळ्यातही जनावरांसाठी लावलेला माझा घास हिरवागार असायचा.

त्या वर्षी भाद्रपदात तळं काठोकाठ भरलं. आधीची दोन वर्षं गावाने टँकरवर काढली होती. बायकांनी तळ्याची ओटी भरली. अशात एका सकाळी गावातला धनगर माझ्या ओट्यापुढे येऊन उभा राहिला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला मालक म्हणायचा. हातात बाटली होती.

"मालक, पाझराचं पाणी गढूळ यायलंय. मेंढरं तोंड लावीनात."

"फिल्टरचं लागतंय का आता तुझ्या मेंढरांना?"

"तसं न्हाई. कालपसून बगायलोय. धार बी लय वाढलीय."

"जनावरं पाण्यात घालतोस तूच, अन् वर मला सांगायलास."

"दगडाच्या फटीतून भरून आणलंय, मालक. ठिवतो इथं. बगा तुमी."

दुपारी जेवून बाहेर आलो. वरचं पाणी निवळलं होतं. तळाशी बोटभर माती, पिवळसर, पाळीच्या पोटातली. बाटली उचलली, एकदा फिरवली आणि जास्वंदीच्या बुडाशी ओतून टाकली.

भरलेलं तळं खाली करा म्हटलं असतं तर गावाने मला जोड्याने मारलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. मारलं असतंही. पण ओतताना माझ्या डोक्यात गाव नव्हतं. पाझर बुजवला तर घास वाळेल, एवढंच होतं.

संध्याकाळी तो पाराकडे येताना दिसला. तो चारचौघांत बोलेल म्हणून मीच आधी बोललो. "याच्या मेंढरांनी खुरांनी पाळ उकरलीय, अन् हा मलाच शिकवायलाय."

लोक हसले. "मेंढरामागं फिरून इंजिनियर झाला की रं ह्यो!" एक जण म्हणाला. दुसऱ्याने त्याच्या तोंडासमोर जाऊन बें केलं. मग दंड ठरला, तोही मीच सुचवला. आमच्याकडे खतासाठी मेंढरं शेतात बसवतात आणि त्याबद्दल धनगराला धान्य देतात. याने पाच दिवस माझ्या रानात फुकट बसवायची. मूग निघून घासाशेजारचा तुकडा रिकामाच होता.

"तिथं नगं, मालक. पाळीखाली हाय ते."

"भ्यायलास का?"

मागे त्याची बायको उभी होती. "चला वो," ती म्हणाली. "पाच दिस तर हायेत."

चौथ्या दिवशी सकाळी आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. तो दळण आणायला गावात आला होता. मी वॉलकडे निघालो होतो. ट्रॉलीतून दगड ओतावेत तसा आवाज आला. पाझराच्या जागी पाळीला भगदाड पडलं, मग वरची माती त्यात बसली. मी उंचावर होतो. खाली रानात त्याची बायको चुलीपाशी होती. तिला पळता आलं असतं. ती मेंढरं कोंडलेली जाळी सोडायला गेली.

ओढ्याच्या वळणावर बाभळीत सापडली. जाळीची दोरी हाताला गुंडाळलेली होती.

पंचनाम्याला साहेब आले. मेंढरांच्या खुरांनी पाळ भुसभुशीत झाली, आम्ही दंडही केला होता, असं मी सांगितलं. गाव साक्षीला होतंच. तो कोपऱ्यातून उठला आणि माझ्या पायाला हात लावला.

"माज्याच जनावरांनी केलं, मालक. बाटलीतली माती बी त्यांच्याच खुरांची असंल. तुमी सांगत व्हता."

मी पाय मागे घेतला नाही.

यंदा नव्या पाळीखाली पुन्हा पाझर दिसला. पाणी बाटलीत भरून दिवसभर ठेवलं. निवळ निघालं. तरी ती बाटली ओतवेना. दुसऱ्या दिवशी धनगराकडे गेलो. आता तो लोकांच्या रानात मजुरी करतो. बांधावर गवत कापत होता. सगळं सांगितलं, जास्वंदीसकट.

"म्हंजे मेंढरांनी न्हाई केलं?"

"नाही."

"येका बी मेंढरानं न्हाई?"

"नाही, मामा." मामा मी त्याला पहिल्यांदाच म्हणालो.

त्याने विळा खाली ठेवला. "हिचा जीव घेतला म्हणून उरलेली समदी मी कसायाला घातली. येक मेंढी उडी मारून माज्यापाशी माघारी आली व्हती. तुमीच तिला कानाला धरून टेम्पोत चढवलं."

मला ते आठवत नव्हतं. त्याने सांगितल्यावर तिचा गरम कान हाताला आठवला.

"मला एकट्याला सांगून काय व्हतंय?" तो म्हणाला. "पारावर सांगा. बें केलं तिथं."

त्याला दोन महिने होऊन गेले. पार माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी अजून तिथे गेलेलो नाही. त्याऐवजी हे लिहून काढलं. त्याला वाचता येत नाही.