शेजारच्या नटाचं प्रॉम्प्टिंग

इथे परदेशात, क्लेमेंटी भागातल्या इमारतीत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारे इंग्रज नट राहायचे. आमची ओळख वाढली ती माझ्या प्रॉम्प्टिंगमुळे, आणि पुढे जे वाईट झालं तेही त्याच्यामुळेच.

इथल्या आपल्या मंडळाचं गणपतीतलं नाटक काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. नट सगळे आयटीतले नाहीतर बँकेतले. तालमीला लॅपटॉप घेऊन येणार आणि पाठांतराच्या नावाने बोंब. त्यामुळे सगळी मदार विंगेतल्या प्रॉम्प्टरवर, आणि ते काम माझ्याकडे. समोरच्याचे डोळे जरा भिरभिरले की मी वाक्य सरकवते, प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. एका वर्षी म्हाताऱ्यांना आग्रहाने नाटकाला नेलं. त्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाहेर आल्यावर म्हणाले, "सगळ्यात चांगलं काम विंगेतल्या बाईचं होतं." मी आठवडाभर हवेत होते.

मग त्यांच्याकडे चहाला जाणं सुरू झालं. मी त्यांना अंकल म्हणायचे. इथे टॅक्सीवाल्यापासून सगळेच अंकल, पण त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. विशीत ते एका फिरत्या नाटक कंपनीत लागले. गारठलेल्या गावांमधून आधी भालदार झाले, नंतर लंडनच्या रंगभूमीवर राजेही झाले. सिनेमावाल्यांनी मात्र त्यांना कायम न्यायाधीश, बिशप नाहीतर खुनीच केलं. "खुनी बरा, त्याला निदान वाक्यं चांगली असतात," म्हणायचे. प्रयोगासाठी इथे आले आणि इथल्याच मुलीशी लग्न केलं. बायको वारल्यावर लंडनला राहणारी मुलगी तिकडे या म्हणून मागे लागली, पण यांना घर सोडायचं नव्हतं. तिथे गेलो की ती मला वृद्धाश्रमात टाकेल, हे ते अशा आवाजात सांगत की मलाच धडकी भरायची.

त्यांचं विसरणं पहिल्यांदा मला दिसलं. एका मालिकेत न्यायाधीशाचं छोटंसं काम आलं होतं. मी समोरच्या पात्राची वाक्यं वाचायचे, ते आपली म्हणायचे. चार ओळींचा निकाल, पण दुसऱ्या ओळीपुढे गाडी जाईना. घसा बसलाय असं सांगून त्यांनी ते काम सोडलं. 

त्यानंतर मुलीच्या व्हिडिओ कॉलला मला मुद्दाम बोलावून घेऊ लागले. मी फोनच्या मागे उभी. नातवाचं नाव अडलं की मी ओठांनी सांगायचे आणि ते असं उचलायचे, वाह, काय सफाई. डॉक्टरकडेही मीच सोबत. आज वार कोणता विचारलं की ते आधी माझ्याकडे बघून हसायचे, मग डॉक्टरला वार सांगायचे. मला चक्क अभिमान वाटायचा. नवरा एकदा वैतागून म्हणाला, "अगं, तू त्यांना सांभाळत नाहीयेस, झाकतेयस." मी म्हटलं, तू तुझं बघ.

मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातून थेट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला गेले. लग्नानंतर ते जिथे राहायचे त्या ब्लॉकमध्ये, कुणा भलत्याच कुटुंबाच्या दाराशी ते बायकोला हाका मारत उभे होते. पायात चप्पल नव्हती. खिशात माझा नंबर होता म्हणून निभावलं. टॅक्सीत मला म्हणाले, "पडदा वर जायला अजून वेळ आहे ना? मला माझं पहिलं वाक्य सांगून ठेव." चेष्टा करताहेत असं वाटून मी हसले. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते घामाघूम झाले होते. घरी पोचलो तर जिन्यातच गॅसचा वास. शेगडी नुसती चालू ठेवून बाहेर पडले होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिचा विश्वासच बसेना. बाबा तर कॉलवर छान बोलतात, म्हणाली. तरी आली.

ती आली तेव्हा दार मीच उघडलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मला झोपेतही ओळखता येईल. तिचं नाव माझ्या ओठांवर होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

ते थांबले. वाट पाहिली. मग दोन्ही हात पसरून त्या भरदार आवाजात म्हणाले, "ये, किती वाट पाहायला लावलीस." कोणालाही चालेल असं वाक्य. पण म्हटलं असं की मुलगी रडतच त्यांच्या गळ्यात पडली.

"हे तर ठणठणीत आहेत," ती मला म्हणाली. तिला राग आला होता. "केवढं घाबरवलंत तुम्ही मला. बरे आहेत ना हे?"

तिच्या खांद्यावरून ते माझ्याकडे बघत होते. आता त्यांना वाक्य नको होतं. मी गप्प बसावं, एवढंच हवं होतं. फार जीव होता माझा त्यांच्यावर.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी तुम्हाला ओळखलेलं नाही. तुमचं नाव विचारून बघा."

तिने विचारलं नाही. त्यांचा शर्ट मुठीत धरून नुसती उभी राहिली. आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून मला दाराकडे बोट दाखवलं.