एक पील राखायचं असतं

कागदाला हात लावण्याआधी ते हात पुसायचे. आधी पँटला, मग खांद्यावरच्या रुमालाला, आणि शेवटी तळवा उजेडाकडे धरून एकदा बघायचे. हात स्वच्छच असायचे. पण एकोणीस वर्षं स्टीलची भांडी फिरत्या चाकावर धरून चकाकवणाऱ्या माणसाच्या बोटांच्या रेषांत काळपट भुकटी कायमची बसते. वसई पूर्वेच्या गाळ्यांमधून संध्याकाळी सुटणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, तर हे हातही पाहिले असतील.

खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातला हा माणूस लग्नानंतर सांडोरला, सासऱ्यांच्या वाडीतल्या दोन खोल्यांत राहायला आला. त्या वाडीला लागून नवी इमारत झाली, तिच्या तळमजल्यावर मी राहायला गेलो. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या कापून जागेत बसवायच्या, हे माझं काम. ते त्यांना कळलं आणि मी 'संपादक' झालो.

"काय संपादक, आज कोनाला छाटलं?" कुंपणापलीकडून विचारायचे.

"नगरसेवकांच्या भाषणांना."

"बरं केलं. वाढू दिली तर काय, सगळीच वाढतात."

हे ते केळीवरून बोलायचे. केळीच्या बुंध्याशी नवी रोपं फुटतात, त्यांना पिलं म्हणतात. ती वेळेवर कापली नाहीत तर घड बारीक येतो. रविवारी सकाळी ते कोयता घेऊन पिलं काढत, आणि मी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभा राही. आमची ओळख तेवढ्यावर वाढली.

कारखान्यातल्या लोकांचे रजेचे अर्ज तेच लिहून देत. ते माझ्याकडे तपासायला आणत. एकदा एका कामगाराच्या अर्जात आजी वारली होती. मी म्हटलं, "काका, याची आजी गेल्या वर्षीही वारली होती."

"ती बापाकडची, संपादक. ही आईकडची."

"गेल्या वर्षीही तुम्ही आईकडचीच लिहिली होती."

त्यांनी अर्ज माझ्याकडून परत घेतला. "असू दे. शेठनं विचारलं तर सांगीन, माझ्याच हातून चुकलं."

त्यांना खोकला कधी सुरू झाला ते सांगता येणार नाही. पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा तो जुना झालेला होता. चहाचा घोट घेण्याआधी थांबायचे, खोकला येऊन जाऊ द्यायचे आणि मग प्यायचे. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, धरून कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि केसपेपरवर लिहिलं की रुग्णाने धुळीच्या कामापासून दूर राहावं. तोंडी सांगितलं, तीन-चार महिने नुसते घरी बसा, छाती जरा मोकळी झाली की हलकं काम शोधा.

त्यांनी पॅकिंगमध्ये काम मागितलं. जागा नव्हती. जमत नसेल तर लिहून द्या, असं सांगण्यात आलं.

त्याच रविवारी ते राजीनाम्याचा मसुदा घेऊन आले. हात पुसून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. दीड पान होतं. एकोणीस वर्षं, चाकाची धूळ, रात्रीचा खोकला, डॉक्टरांनी काय लिहिलं ते, पॅकिंगची विनंती, आणि शेवटी शेठचे, मुकादमाचे आणि कँटीनवाल्या बाईंचे आभार.

मी पेन्सिल घेतली. राजीनाम्यात गाऱ्हाणं नको, असं मी म्हणालो. माणसाने सन्मानाने बाहेर पडावं, असंही म्हणालो. दीड पानाच्या दोन ओळी केल्या. "वैयक्तिक कारणामुळे मी नोकरीचा राजीनामा देत आहे. तो स्वीकारावा, ही विनंती."

त्यांनी वाचलं. बोट मसुद्यातल्या एका वाक्यावर ठेवलं. "हे डॉक्टरांचं तेवढं राहू दे का?"

"गरज नाही, काका. वैयक्तिक म्हटलं की त्यात सगळं आलं."

"तुम्ही म्हनताय तर." त्यांनी तिथेच बसून सुवाच्य अक्षरात दोन ओळी उतरवल्या. मसुद्याची घडी करून खिशात ठेवली.

नोकरी सुटल्यावर विमा असलेल्या कामगाराला काही महिने भत्ता मिळू शकतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेले महिने त्या भत्त्यात निघाले असते. आम्ही अर्ज भरला. बोलावणं आलं तेव्हा मी रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेलो.

खिडकीवरच्या बाई समंजस होत्या. त्यांनी काकांना बसायला स्टूल दिलं आणि सगळे कागद दोनदा वाचले.

"काका, स्वतःहून सोडलेली नोकरी यात बसत नाही."

"स्वतःहून नाय, बाई. छातीमुळे."

"ते केसपेपरवर आहे, मला दिसतंय. पण राजीनाम्यात त्याचा उल्लेखच नाही. एक वाक्य जरी असतं ना, की आजारामुळे, डॉक्टरांच्या सल्ल्याने, तर निदान वर पाठवून विचारता आलं असतं. आता मी काय पाठवू?" त्यांनी पत्र उलटून पाहिलं, मागे काही लिहिलं आहे का म्हणून. "असं कुणी लिहायला सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडलं होतं.

"कोनी नाय," ते म्हणाले. "अर्ज मीच लिहितो सगळ्यांचे. माझ्याच हातून चुकलं."

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. खोकला थांबेपर्यंत मी शेजारी उभा राहिलो. मी काहीतरी म्हणायला लागलो, तर त्यांनी हात हलवला. "चला, चहा घेऊ. तुमची रजा फुकट जायला नको."

पुढच्या रविवारी ते पिलं काढत होते. दोन कापली की थांबत होते. मी आत जाऊन कोयता मागितला, तर म्हणाले, "तुम्ही नको. तुम्ही सगळीच काढाल." मग खाली बसून दाखवलं. "ह्या रुंद पानांची काढायची. हे बघा, तलवारीसारखं अरुंद पान, ह्याला हात लावायचा नाय. एक पील राखायचं असतं, संपादक. घड उतरला की मोठं झाड जातं. मग हेच."

ते केळीबद्दल बोलत होते. दुसऱ्या कशाबद्दल बोलत असतील, तर त्यांच्या चेहऱ्यावर ते नव्हतं. मी निरखून पाहिलं होतं.

मी विचारलं, जुना मसुदा आहे का. होता. माझ्या पेन्सिलीच्या रेघांखालून प्रत्येक शब्द वाचता येत होता. त्यावरून मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. सगळं घातलं. फक्त कँटीनवाल्या बाईंचे आभार तेवढे वगळत होतो, तेही मग घातले. त्यांनी वाचलं आणि हसले. "आता एक पन पील काढलं नाय तुम्ही."

उत्तर यायला वेळ लागला. तोवर घरी बसणं परवडणारं नव्हतं. पहिल्या कारखान्यापासून तीन गल्ल्यांवर दुसरा होता. तिथे ठेकेदारामार्फत माणसं घेत, केसपेपर बघत नसत. ते तिथे लागले. काम तेच, चाकावरचं. तोंडाला रुमाल बांधतो, असं त्यांनी काकूंना सांगितलं.

उत्तर आलं ते त्यांच्या सुटीच्या दिवशी. माझ्याच पत्त्यावर आलं. मी ते घेऊन वाडीत गेलो. ते बाजेवर उशीला टेकून बसले होते. बसल्या बसल्या हात पुसले, पण कागद घेतला नाही.

"तुम्हीच वाचा. लांब आहे?"

"दोन ओळी."

मूळ पत्रावरून नोकरी स्वेच्छेने सोडल्याचे दिसते, नंतरच्या पत्राचा विचार करता येत नाही, असं होतं. मी वाचून दाखवलं.

"बरं लिहिलंय," ते म्हणाले. "सुटसुटीत."

त्यात टोमणा नव्हता. चांगल्या कागदाला ते चांगलं म्हणत.

त्यानंतर थोडेच दिवस ते कामावर गेले. शेवटचे काही दिवस दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तेव्हा तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटांनी कात्रीसारखी खूण केली आणि भुवया उंचावल्या. आज कोणाला छाटलं, असं विचारत होते. मी म्हटलं, कोणालाच नाही.

ते गेले, त्याची बातमी आमच्या पेपरात आली नाही. येण्यासारखी ती नव्हती. मी उपसंपादक आहे, मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात काकूंनी कुंपणापाशी हाक मारली. काकांनी राखलेल्या पिलाला घड आला होता, काकूंनी तो उतरवून घेतला होता. आता बुंध्याशी नव्या पिलांची गर्दी झाली होती आणि काढायला कुणी नव्हतं.

"कुठलं ठेवायचं ते तुम्हाला सांगितलं असेल ना त्यांनी?"

सांगितलं होतं. रुंद पानांची पाच होती. अरुंद पानाचं एक, मागे, जरा तिरपं उगवलेलं. काकूंनी कोयता पुढे केला.

तो घेण्याआधी मी हात पुसले.