चाल अर्धी असताना

मला जन्मापासून दिसत नाही. जळगावच्या एका सरकारी कार्यालयात मी टेलिफोन सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर लढाया खेळते. या खेळात चित्रं नाहीत, सगळा कारभार अक्षरांचा. मी हुकूम टाइप करायचा आणि पुढे काय झालं ते कॉम्प्युटरने वाचून दाखवायचं.

खेळातले माझे जोडीदार धुळ्याचे. आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्तीनंतर काचबिंदूने नजर गेली. आमची ओळख दृष्टिहीनांच्या एका ग्रुपवर झाली. मी त्यांना नाना म्हणते; ते बोलतात अहिराणीत. खेळ इंग्रजीत, ते नानांना जमत नाही. म्हणून एका कानात कॉम्प्युटर, दुसऱ्या कानाला फोन, आणि ऐकलेलं सगळं मी त्यांना मराठीत सांगायची.

नदीपलीकडचा एक किल्ला आम्हाला तीन रविवार हरवत होता. घोडदळाला एका चालीत पटावरची चार घरं मिळायची. मी आधी नकाशा ऐकून पाठ करायची आणि चारही घरं एका दमात पळवायची. पण नकाशात दोन घरांपलीकडचा शत्रू कळत नसे. पुलावर पोचलं की तिरंदाज तयारच असायचे.

चौथ्या रविवारी घोडदळ दोन घरं गेलं आणि नानांनी विचारलं, “आते पुढे काय शे?”

“माहीत नाही. चाल संपली की नकाशा ऐकू.”

“आतेच इचार ना.”

“मधेच विचारलं तर चाल मोडेल, नाना.”

“कोनी सांगं तुले?”

खरंच, कोणीच सांगितलं नव्हतं. ते मीच धरून बसले होते.

घाबरतच नकाशाचा हुकूम टाइप केला. उत्तरेला जंगल. पूर्वेला पूल, पुलावर तिरंदाज. आग्नेयेला उथळ पाणी, मोकळं. आणि शेवटी कॉम्प्युटरने वाचलं, ‘घोडदळ, दोन घरं शिल्लक.’

“नाना, चाल मोडली नाही! दोन घरं अजून आपलीच आहेत.”

“मंग पाण्यातून काढ. पन एकच घर. परत नकाशा.”

एक घर, नकाशा. एक घर, नकाशा. घाईत हुकूम दोनदा चुकीचा टाइप झाला. घोडदळ पाण्यातून पलीकडे निघालं आणि पुलावरच्या तिरंदाजांना पत्ताही नव्हता. पुढच्या चालीत त्याच वाटेने पायदळ काढलं. मी वाचत होते, नाना मधेच तोडत होते, “डावीकडे काय शे? दार कोठे शे?” जो नकाशा मी तीन आठवडे पाठ करत होते, त्यातून आता पहिल्यांदाच चालत होते.

किल्ल्याच्या दारावर एकच तुकडी निघाली. घोडदळ भिडलं आणि कॉम्प्युटरने आपल्या सपाट आवाजात वाचलं, ‘किल्ला तुमचा.’

फोनवर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मग नानांच्या बायकोचा आवाज.

“ताई, काय जिकं तुम्ही? यास्नी बठ्ठा चहा सांडी दिधा.”

सगळा चहा सांडल्याचं ऐकून मला हसू आवरेना. काकूंना मी किल्ल्याचं सांगितलं. त्यांना फारसं कळलं नसावं, पण त्याही हसत होत्या.

नानांनी फोन परत घेतला. खेळ संपला होता, तरी किल्ल्याच्या आतलं एकेक घर त्यांना ऐकायचं होतं. मी सावकाश वाचत गेले. विहीर, धान्याचं कोठार, घोड्यांची पागा. पागा ऐकल्यावर ते म्हणाले, “आज बठ्ठा घोडास्ले तठेच राहू दे. लई पळीसन दमी ग्यात.”