रुतलेल्या जहाजाची तीन चित्रं

माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात मी मोडला. बैलबंडीच्या कडेला खोचलेली सागाची उभारी, तो जाड दांडका, उपसली आणि दोनदा हाणली. पहिला फटका रागाचा होता. दुसऱ्याला माझ्याकडे सबब नाही, कारण पहिल्यातच तो खाली बसला होता.

सेलूजवळ आमचा मळा आहे. भाऊ वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर काढतो, थोडा कापूसही पेरतो. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. गेल्या उन्हाळ्यात सेवाग्रामकडे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला काम दिलं. त्यांच्याकडे जुन्या विलायती चित्रांची काळी-पांढरी छापील पानं होती. वाफेवर चालणारं अगदी सुरुवातीचं जहाज, मधोमध धुराडं, दोन्ही कुशींना मोठाली चाकं, आणि ते किनाऱ्याजवळच्या वाळूत रुतलेलं. त्यांना तीन मोठी तैलचित्रं हवी होती. आदळलेलं जहाज, लाटांखाली सापडलेलं जहाज, फुटायला लागलेलं जहाज. 'येथे बियाणे मिळेल' लिहून लिहून माझा जीव विटला होता. मी लगेच हो म्हटलं.

समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. बोर नदीचा पूर मात्र पाहिलाय, झाडं मुळासकट उपटून नेणारा. छापील पानात रंग नव्हता, म्हणून मी समुद्राला पुराचाच रंग दिला, काळ्या मातीचा. सुरीनं रंग थापायचा, खरवडायचा, पुन्हा थापायचा. लाट जहाजाच्या पाठीत बसली पाहिजे, फळी तडकल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, या हट्टानं मी घाम पुसत कॅनव्हासला अक्षरशः मारत होतो. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

तेल मी वहिनीच्या डब्यातलं घ्यायचो. चटणीवर घ्यायचं घाण्यावरचं जवसाचं तेल, तेच रंगात चालतं. ते ताटलीत ओतून टिनावर उन्हात ठेवायचं, म्हणजे दाटतं आणि लवकर सुकतं. ही युक्ती माझी, आणि तिचा मला भारी गर्व. हात आणि सुरी पुसलेल्या सुती चिंध्या मी एका पोत्यात कोंबत असे. पोतं मी रंगवायचो त्या टिनाच्या शेडच्या कोपऱ्यात, आणि त्याला लागून भावाच्या शेवटच्या वेचणीचा कापूस.

तिसरं चित्र होत आलं त्या दिवशी भाऊ शेडमध्ये आला. बराच वेळ बघत राहिला.

"याले चाकं हायत ना? मंग रुतल्यावर असं सरळ कसं उभं हाय? बंडी रुतली का एक चाक खाली जाते, दुसरं वर येते. थे पाह्यलं नाई का तू कधी?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"तुले काय समजते त्यातलं? जाय, तुह्ये वांगे तोड."

"अन् कापसाजवळ तेल काऊन सांडून राह्यला बे?"

मी रंगाचा डबा त्याच्या पायाशी आपटला. काळा रंग कापसावर उडाला. त्यानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी चित्राच्या तिवईवर जाऊन पडलो. "जाळून टाकीन एक दिवस तुह्यं जहाज," असं म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरात जेवत होतो. टिन तडतडल्याचा आवाज आला. बाहेर धावलो तर शेडमधून जाड पिवळा धूर निघत होता, आणि धुरातून भाऊ बाहेर येत होता. हात काळे, भुवया जळलेल्या. त्याचं ते कालचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं. बंडी शेजारीच उभी होती.

"अबे थांब, आयक तं..." तो म्हणाला. मी ऐकलं नाही. हाड मोडल्याचा आवाज मात्र ऐकला. तो फळी तडकल्यासारखा नव्हता. अगदी बारीक होता, ओल्या काडीचा.

शेजारी धावले, मला धरलं, पाणी मारलं. कापूस गेला, दोन चित्रं गेली. भावाला दवाखान्यात नेलं, तिथं त्यानं सांगितलं, "बंडीवरून पडलो."

चित्रं सांगणारे म्हातारे डॉक्टर घरी भेटायला आले. भाऊ प्लास्टर घालून पडलेला, मी बाहेर बाकड्यावर. आग कशी लागली विचारलं, तर मी भावाच्या खाटेकडे नुसती मान केली. त्यांनी मला तेल विचारलं, चिंध्या विचारल्या, पोतं कुठं होतं ते विचारलं. मग म्हणाले, जवसाच्या तेलाच्या चिंध्या कोंबून ठेवल्या की आतल्या आत तापून पेटतात, काडी लावावी लागत नाही, आणि मे महिन्यात टिनाखाली तर नाहीच. स्वतःचा कापूस कोण जाळतो? एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

त्या संध्याकाळी वहिनीनं मला हाताला धरून विहिरीमागे नेलं. तिसरं चित्र तिथं टेकवलेलं होतं, एक कोपरा करपलेला. "थे मागच्या दारानं हे काढून आले," ती म्हणाली, "अन् बाकीच्या दोनासाठी परत आत गेलते. तवाच तुमी मारलं." ती रडत नव्हती. मला वाटलं, तिनं उभारी घ्यावी आणि मला हाणावं. तिनं नुसता पदर झटकला आणि ती स्वयंपाकाला गेली.

मी भावाचे पाय धरले. त्यानं पाय ओढून घेतले. माझी लाज मला गिळता येत नव्हती, थुंकताही येत नव्हती.

त्याचं मनगट आता वळत नाही. वांगं देठाशी पिळून तोडता येत नाही, म्हणून सकाळी तोडणी मी करतो. डॉक्टरांसाठी ती दोन चित्रं मी पुन्हा काढतोय, मोकळ्या पडवीत. जहाज एका चाकावर कललेलं काढलंय. भावानं ते पाहिलं आणि मळ्यात निघून गेला.

पण काम आटोपलं की तो येतो, माझ्या तेलकट चिंध्या डाव्या हातानं गोळा करतो आणि काटेरी कुंपणावर एकेक, सुटी सुटी करून वाळत घालतो. पहिल्या दिवशी मी उठून त्याच्या हातातून घ्यायला गेलो होतो.

"बस तू," तो म्हणाला. "तुह्या भरोशावर नाई सोडत मी आता काई."