लघवीची नळी शिकवणारी सिस्टर

“सूनबाई, तुम्ही बाहेर बसा,” हे त्या सिस्टरचं पहिलं वाक्य. विचारपूस नाही, काही नाही. सून बाहेर गेली, की दाराला कडी.

मणक्याच्या ऑपरेशननंतर माझी लघवी आपोआप होईना. दिवसातून चार वेळा बारीक नळी आत घालून ती काढावी लागे. ते सून करायची. ती कामतघरला कापडाच्या लूमवर शिफ्टला गेली, की मी पोट फुगून पडलेली. पडघ्याला लेकीकडे जायचं, तर सुनेला बरोबर न्यायचं का? डॉक्टर म्हणाले, कायमची नळी टाकू, पायाला पिशवी बांधू. तेही मुलाला म्हणाले. मी समोरच बसले होते.

सिस्टर म्हणाली, “आधी शिकवून बघते.” तिनं माझ्या हातात आरसा दिला. “बघा.”

“या वयात काय बघू? तुला शरम न्हाय?”

“चार बाळंतपणांत दहाजणींनी बघितलं. तुम्हीच तेवढ्या राहिलात, मावशी.”

असा राग आला! पण बाई खोटं बोलत नव्हती.

तीन दिवस आरसा हलायचा, नळी भलतीकडे जायची. शेवटी मी म्हटलं, “न्हाय जमत. चौथी शिकलेली बाई मी.”

“नळीला कुठे वाचता येतं? आधी काय काम करायचात?”

“लूमच्या कांड्या भरायची. सुताच्या.”

“सूत तुटलं की चष्मा शोधायचात?”

“चष्मा कशाला? बोटाला कळतं.”

तिनं आरसा काढून घेतला. “मग बोटानंच शोधा.”

डाव्या हाताच्या बोटानं जागा सापडली, उजव्या हातानं नळी गेली. भांड्यात धार पडली. कौतुक नाही केलं तिनं. “नळी धुवा. ती काय मी धुणार?”

सगळ्यांशी अशीच. एक म्हातारा शेतकरी अडून बसला, “माझी बायको करंल.”

“आणि ती आधी गेली तर?”

बायको शेजारीच होती. तीच आधी हसली. तोही शिकला.

मी एकटी एसटीनं पडघ्याला गेले. आठ दिवस राहिले. कुणाला हाक मारावी लागली नाही.

काही महिन्यांनी तपासणीला गेले, तर सिस्टर नव्हती. कामावरून काढून टाकली होती. का, तर एका म्हातारीमागे तास तास घालवते. पिशवी दहा मिनिटांत लागते.

डॉक्टरांनी मुलाला विचारलं, “आईची नळी कोण घालतं?”

“आई इथं बसलीय,” मी म्हटलं. “तिला विचारा.”

“आजी फार तेज आहेत हं,” म्हणून ते हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? ज्या बाईनं मला माझं अंग परत दिलं, तिला यांनी घरी बसवलं होतं.

बाहेर बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. दोघींच्या लुगड्याखालून पिशव्या लोंबत होत्या. सिस्टरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पिशव्यांचे खोके छतापर्यंत रचले होते.